औषधाच्या कणांना स्टार्चचा लेप: काय सुधारतं, काय नाही

आयबुप्रोफेन हे वेदनाशामक बहुतेकांनी कधी ना कधी घेतलेलं असतं. २५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर शुद्ध पाण्यात ते जेमतेम २१ मिलिग्रॅम विरघळतं. म्हणजे ४०० मिलिग्रॅमची गोळी ज्या पेलाभर पाण्याबरोबर गिळायची, त्या २५० मिलिलिटरमध्ये त्यातलं पाचेक मिलिग्रॅम विरघळेल आणि बाकीचं तसंच राहील. तरीही गोळी काम करते. आयबुप्रोफेन हे सौम्य आम्ल आहे. जठर ओलांडून ते लहान आतड्यात उतरलं की तिथला सामू (आम्लता मोजणारा पीएच) वाढलेला असतो आणि तिथे ते कितीतरी जास्त विरघळतं. शिवाय जेवढं विरघळेल तेवढं आतड्याची भिंत शोषून घेत राहते, त्यामुळे मागून येणाऱ्याला जागा होत जाते.

सगळ्याच औषधांच्या नशिबी ही सोय नसते. त्वचेच्या आणि केसांच्या बुरशीवर दिलं जाणारं ग्रिझिओफुल्विन किंवा रक्तातली चरबी कमी करणारं फेनोफायब्रेट घ्या. त्यांच्या रेणूत आम्ल किंवा अल्कली म्हणून वागेल असा भागच नाही. जठर असो की आतडं, सामू बदलल्याने त्यांना काही फरक पडत नाही. इट्राकोनॅझोलची गत आणखी वेगळी: ते थोडंफार विरघळतं ते जठराच्या आम्लात, आणि आतड्यात पोहोचल्यावर पुन्हा घन होऊन बसू शकतं. नव्या औषधांच्या शोधात असे रेणू पुष्कळ हाती लागतात, आणि त्याला कारण आहे. शरीरातल्या ज्या प्रथिनांवर औषधाला जाऊन बसायचं असतं, त्यांच्यातल्या खाचा बऱ्याचदा पाण्याला नकोशा, तेलकट स्वभावाच्या असतात. त्यांत चपखल बसणारा रेणूही मग पाण्याशी फटकून वागणारा निघतो.

अशा औषधांच्या कणांवर स्टार्चचा, म्हणजे मका, बटाटा, तांदूळ यांपासून मिळणाऱ्या पिष्टाचा, अतिशय पातळ लेप द्यायचा आणि ते कण लवकर विरघळतील असं पाहायचं, या कल्पनेवर संशोधन चालू आहे. त्याबद्दल बोलताना ‘स्टार्चमुळे औषधाची विद्राव्यता वाढली’ असं सर्रास म्हटलं जातं. ते बरोबर नाही. लेपाने विद्राव्यता वाढत नाही. औषधापर्यंत पाणी लवकर आणि जास्त जागी पोहोचतं, एवढंच होतं. ‘एवढंच’ म्हटलं खरं, पण काही औषधांच्या बाबतीत सगळी अडचण नेमकी तेवढीच असते.

किती विरघळतं आणि किती वेगाने

या दोन प्रश्नांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. ठरावीक तापमानाच्या, ठरावीक सामूच्या पाण्यात एखादा पदार्थ जास्तीत जास्त किती विरघळू शकतो, ती त्याची विद्राव्यता. ती रेणूवर आणि त्याच्या स्फटिकाच्या रचनेवर ठरते. वेग ही निराळी बाब आहे. १८९७ मध्ये आर्थर नॉइज आणि विलिस व्हिटनी या दोघांनी बेन्झोइक आम्ल आणि लेड क्लोराइड पाण्यात फिरवत ठेवून मोजमापं केली आणि एक साधा नियम मांडला: द्रावण संपृक्त होण्यापासून जितकं दूर, तितका पदार्थ विरघळण्याचा वेग जास्त. पुढे १९०४ मध्ये नेर्न्स्ट आणि ब्रुनर यांनी त्यात दोन गोष्टी घातल्या. घन पदार्थाचा पाण्याला लागलेला पृष्ठभाग जितका मोठा तितका वेग जास्त. आणि कणाला चिकटून असलेला पाण्याचा स्थिर थर जितका जाड तितका वेग कमी. शतकाहून जास्त काळ उलटला तरी औषधनिर्मितीत आजही हेच समीकरण पाया म्हणून वापरतात.

वेगाला एवढं महत्त्व का, तर लहान आतड्यातून जायला औषधाला साधारण तीन-चार तास मिळतात. शोषणाचं बहुतेक काम तिथेच उरकायचं असतं. त्या अवधीत जे विरघळलं नाही, त्यातलं बरंचसं वाया जातं.

१९९५ मध्ये गॉर्डन अमिडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विचारावर औषधांची चार गटांत विभागणी सुचवली. निकष दोनच: औषध विरघळतं का, आणि आतड्याची भिंत ओलांडतं का. सर्वात मोठी मात्रा २५० मिलिलिटर द्रवात, जठरापासून आतड्यापर्यंतच्या सामूच्या पट्ट्यात विरघळली तर ‘विरघळणारं’, नाहीतर नाही. पहिल्या गटाला दोन्ही जमतं, चौथ्याला दोन्ही जमत नाही. तिसरा गट विरघळतो पण भिंतीपाशी अडतो. दुसरा गट आपल्या कामाचा: विरघळत नाही, पण विरघळला की भिंत सहज पार करतो. आयबुप्रोफेन, ग्रिझिओफुल्विन, फेनोफायब्रेट हे सगळे त्यातलेच मानले जातात. अशा औषधाच्या बाबतीत विरघळण्याचा वेग वाढवला की शोषणाचा वेगही वाढण्याची चांगली शक्यता असते. स्टार्चच्या लेपाची सगळी चर्चा या गटापुरती खरी आहे.

दळण्याचा मोह आणि त्याची किंमत

पृष्ठभाग वाढवायचा तर सरळ उपाय म्हणजे बारीक दळणं. हिशेब सोपा आहे. पाण्याइतक्या घनतेच्या एक ग्रॅम पदार्थाचे १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचे गोल कण केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग ०.०६ चौरस मीटर भरतो. १० मायक्रॉनचे केले तर ०.६, आणि एका मायक्रॉनचे केले तर ६ चौरस मीटर. पदार्थ तोच, वजन तेच, पृष्ठभाग शंभरपट. कण एका मायक्रॉनच्या बराच खाली गेला तर खुद्द विद्राव्यतेतही थोडी वाढ होते, पण तो भाग लहान आहे. खरी कमाई पृष्ठभागाची.

हे कागदावरचं गणित नाही. ग्रिझिओफुल्विनची भुकटी जास्त बारीक केली तर जवळपास निम्म्या मात्रेत रक्तात तेवढंच औषध पोहोचतं, हे १९६० च्या दशकात दिसून आलं. पुढे त्याचं आणखी बारीक, ‘अल्ट्रामायक्रोसाइज’ रूप आलं. त्याचं शोषण आधीच्या बारीक भुकटीच्या सुमारे दीडपट होतं. स्पायरोनोलॅक्टोनची मात्राही कण बारीक केल्यावर १०० मिलिग्रॅमवरून २५ वर आणता आली होती.

मग सगळंच दळून का टाकत नाहीत? कारण दळताना जे कमावतो त्यातलं बरंच दळणंच परत घेतं. कण साधारण ३० मायक्रॉनच्या खाली गेला की त्याच्या वजनापेक्षा शेजारच्या कणाशी असलेलं आकर्षण भारी पडू लागतं. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात. दळताना घासून घासून विद्युतभारही चढतो, मग भुकटी यंत्राच्या भिंतींना चिकटते. १९७३ मध्ये डेरेक गेल्डार्ट यांनी भुकट्यांचं वर्गीकरण केलं तेव्हा या चिकट, हवेच्या झोतानेही नीट न उडणाऱ्या बारीक भुकट्यांना वेगळा गट द्यावा लागला. गोळ्या बनवणाऱ्या यंत्रात भुकटी स्वतःच्या वजनाने साच्यात पडावी लागते. ती अडली, तर एका गोळीत औषध जास्त आणि दुसरीत कमी, अशी भलतीच आफत ओढवते.

त्याहून मोठी अडचण पाण्याशी आहे. टाल्कम पावडर पाण्यावर भुरभुरवली तर ती बुडत नाही, कोरडीच्या कोरडी वर तरंगत राहते. पाण्याशी न जमणाऱ्या औषधाची बारीक भुकटी अगदी तशीच वागते. पाण्याचा थेंब अशा पृष्ठभागावर पसरत नाही, गोळा होऊन बसतो. भुकटीच्या पुंजक्याला बाहेरून पाणी लागतं, पण आतल्या फटींत हवा अडकून राहते आणि पाणी आत शिरत नाही. समीकरणातला पृष्ठभाग हा पाण्याला लागलेला पृष्ठभाग आहे, ही अट इथे आठवावी. दळून सहा चौरस मीटर मिळवले आणि त्यातले पाच पुंजक्यांच्या आत कोरडे राहिले, तर हाती काय लागलं?

म्हणूनच दळणाबरोबर लेप जोडीने येतो. २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेली सिरोलिमसची गोळी आणि २००३ मधलं अॅप्रेपिटंट ही नॅनोस्फटिक तंत्राची सुरुवातीची गाजलेली उदाहरणं. त्यांत औषध पाण्यात दळतात आणि दळतानाच बहुवारिकाचे (पॉलिमरचे) किंवा साबणासारखे वागणारे रेणू त्याच्या पृष्ठभागावर बसवतात, म्हणजे कण पुन्हा एकत्र येत नाहीत. सेल्युलोजपासून बनवलेल्या जलस्नेही पदार्थांचा थोडासा अंश औषधावर चढवला की कॅप्सूलमधून औषध लवकर बाहेर येतं, हेही १९७० च्या दशकापासून माहीत आहे. स्टार्चची कल्पना याच वाटेवरची आहे. आकाशातून पडलेली नाही.

न विरघळणारा पदार्थ विरघळायला मदत कशी करतो

इथे चौकस वाचक थांबेल. स्टार्च स्वतः तरी थंड पाण्यात कुठे विरघळतो? नाहीच विरघळत. मक्याचा स्टार्च पाण्यात ढवळला तर दुधाळ दिसतो आणि थोड्या वेळाने खाली बसतो. पण ओलं होणं आणि विरघळणं या दोन वेगळ्या घटना आहेत.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. त्यात दोन प्रकार एकत्र नांदतात: जवळजवळ सरळ साखळीचा अमायलोज, जो साधारणपणे २० ते ३० टक्के असतो, आणि फांद्या फुटलेला अमायलोपेक्टिन, जो उरलेला. दोन्हींच्या प्रत्येक ग्लुकोजवर हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जोडायला तयार असतात. वनस्पती हा स्टार्च घट्ट दाण्यांच्या रूपात साठवते. दाण्यात साखळ्या आपापसांतच इतक्या बांधलेल्या असतात, की थंड पाणी त्यांना सुटं करू शकत नाही. त्यासाठी ६०-७० अंशांपर्यंत तापवावं लागतं, मग दाणे फुगून फुटतात आणि खळ तयार होते. पण दाण्याच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट पाण्याला थंडीतही बोलावतात. पाणी त्यावर लगेच पसरतं. दाणा थोडा फुगतो, फटींमधून पाणी आत ओढतो.

गोळ्या बनवणाऱ्यांना हे नवीन नाही. गोळी पोटात गेल्यावर फुटावी म्हणून तिच्यात स्टार्च घालण्याची रीत फार जुनी आहे, आणि स्टार्चपासून बनवलेलं सोडियम स्टार्च ग्लायकोलेट तर त्या कामासाठीच ओळखलं जातं. पण तिथे स्टार्च गोळी फोडतो. लेपात तो प्रत्येक कणाच्या अंगावर बसलेला असतो: गोळी फुटल्यानंतर बाहेर पडलेले कण पुंजके करून बसू नयेत, पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचावं, हे त्याचं काम.

आता आकाराचा प्रश्न. मक्याच्या स्टार्चचा दाणा साधारण ५ ते २० मायक्रॉनचा, तांदळाचा त्याहून लहान, बटाट्याचा तर १०० मायक्रॉनपर्यंतही जातो. समजा औषधाचा कण ५० मायक्रॉनचा आहे आणि त्याच्या अंगावर १० मायक्रॉनच्या दाण्यांचा एक थर बसवायचा आहे. दोन्ही गोल मानून हिशेब केला तर स्टार्चचं वजन औषधाच्या सुमारे दीडपट भरतं. याला लेप म्हणता येणार नाही. आता स्टार्चचा कण ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे १०० नॅनोमीटरचा घ्या. त्याच औषधकणाला पूर्ण मढवायला औषधाच्या वजनाच्या साधारण एक टक्का स्टार्च पुरतो. थेट दाणे वापरण्याऐवजी स्टार्चचे नॅनोकण बनवण्याचा खटाटोप कशासाठी, ते या दोन आकड्यांत आलं.

हे नॅनोकण मिळवण्याचे मार्ग बरेच आहेत. एक जुना आणि नीट अभ्यासलेला: दाणे सौम्य उष्णतेवर सल्फ्युरिक आम्लात कित्येक दिवस ठेवायचे. दाण्यात स्फटिकी आणि ढिले असे थर आलटून-पालटून असतात. आम्ल ढिले थर आधी खातं आणि स्फटिकी चकत्या मागे उरतात. मेणचट मक्याच्या स्टार्चपासून मिळणाऱ्या अशा चकत्या दहा नॅनोमीटरच्या काही पट लांब-रुंद आणि जेमतेम ५ ते ८ नॅनोमीटर जाड असतात. दुसरा मार्ग: स्टार्च गरम पाण्यात फुलवायचा आणि त्यात अल्कोहोल मिसळून बारीक कणांच्या रूपात पाडायचा. तिसऱ्यात पुलुलनेजसारख्या विकरांनी (एन्झाइमांनी) फांद्या छाटून साखळ्यांना नव्याने जुळू देतात. नुसतं दळूनही काही प्रमाणात काम होतं. आम्लाचा मार्ग सावकाश आहे आणि त्यात बराच माल आम्लातच जातो. प्रयोगशाळेत ठीक, कारखान्यात नकोसा.

लेप बसतो कसा

औषध पाण्यात कालवून स्टार्च चढवायचा आणि वाळवायचं, हा मार्ग सुचायला सोपा आहे. पण ओलं केलं की वाळवावं लागतं, वाळवायला उष्णता लागते, आणि मध्ये थोडं औषध विरघळून पुन्हा स्फटिक होताना रूप बदलू शकतं. आयबुप्रोफेन ७५ ते ७८ अंशांना वितळतं, म्हणजे उष्णतेलाही फारशी मोकळीक नाही. म्हणून कोरड्या लेपाकडे ओढा जास्त आहे.

कोरड्या लेपाचं मूळ तत्त्व असं, की ज्या आकर्षणामुळे बारीक भुकटी त्रास देते तेच इथे कामाला लावायचं. औषधाचा मोठा कण आणि स्टार्चचे नॅनोकण जोरात एकमेकांवर आपटत राहिले, तर स्टार्चचे पुंजके सुटतात आणि सुटा झालेला प्रत्येक नॅनोकण मोठ्या कणाच्या अंगाला चिकटतो. यात गोंद लागत नाही, द्रव लागत नाही. १९७५ मध्ये जॉन हर्सी यांनी अशा मिश्रणांचा वेगळा विचार मांडला, तेव्हापासून त्यांना ‘ऑर्डर्ड मिक्स’ म्हणतात. जास्त जोर लावणारी यंत्रं पुढे आली. काहींत भुकटी फिरत्या भांड्याच्या भिंतीवर दाबली आणि घासली जाते. काहींत हवेच्या वेगवान झोतांत कण एकमेकांवर आदळून दळणं आणि लेप एकाच वेळी होतं. ही शेवटची जोडी मला सर्वात पटते: कण फुटून नवा, अजून कोरा पृष्ठभाग उघडा पडतो त्याच क्षणी स्टार्च त्यावर बसतो, पुंजका होण्याआधीच.

अंगावर नॅनोकण बसलेले असले की दोन औषधकण एकमेकांना थेट टेकत नाहीत. मध्ये स्टार्चचे खरबरीत उंचवटे येतात. आकर्षणाचं बळ अंतर वाढताच झपाट्याने घटतं, त्यामुळे शंभरेक नॅनोमीटरचा अडसरही पुरतो. भुकटी सुटी होते, वाहू लागते. विरघळणं आणि वाहणं या दोन अडचणींवर एकाच लेपाने तोडगा निघतो, आणि कारखान्याच्या दृष्टीने दुसरी बाब कधीकधी पहिलीपेक्षा मोलाची ठरते.

वाहण्याच्या बाबतीत स्टार्चला एक तगडा स्पर्धक आहे: अतिसूक्ष्म सिलिका. गोळ्यांच्या मिश्रणात ती साधारण ०.१ ते १ टक्का घालतात आणि तिचं काम उत्तम चालतं. स्टार्चच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की तो नैसर्गिक आहे, पचतो, सिलिका पचत नाही. खरं आहे, पण एवढ्या थोड्या सिलिकेने कुणाला अपाय होतो असं नव्हे. स्टार्चची जमेची बाजू मला दुसरीकडे दिसते. तो पाणी नुसतं बोलावत नाही, ओढून धरतो आणि फुगतो, आणि गोळीत तो कितीही असला तरी कुणाला खटकत नाही.

तोच स्टार्च, उलटा परिणाम

स्टार्चचा लेप म्हटलं की औषध लवकर विरघळणार, असं धरून चालणं धोक्याचं आहे. स्टार्च शिजवून त्याचा सलग पापुद्रा कणावर चढवला, तर पाणी लागताच त्या पापुद्र्याची खळ होते आणि औषधाला त्या घट्ट थरातून वाट काढत बाहेर यावं लागतं. नेर्न्स्ट आणि ब्रुनरच्या समीकरणातला स्थिर थर आपण स्वतःच जाड करून ठेवला, असा त्याचा अर्थ. अमायलोजचा नीट बनवलेला पापुद्रा तर लहान आतड्यातल्या विकरांनाही दाद देत नाही आणि मोठ्या आतड्यात जिवाणूंनी खाल्ल्यावरच फुटतो. मोठ्या आतड्यापर्यंत औषध सुरक्षित नेण्यासाठी अमायलोज आणि एथिल सेल्युलोज यांच्या मिश्र लेपाचा अभ्यास याच कारणाने झाला आहे.

त्यामुळे वेग हवा असेल तर लेप सुटा, दाणेदार, मधे फटी असलेला हवा. पूर्ण झाकलेला कण पाहायला सुबक, पण पाण्याला औषधापाशी पोहोचायला फटीच लागतात. किती टक्के भाग झाकावा याला सगळ्या औषधांना लागू पडेल असं उत्तर नाही. कमी झाला तर पुंजके होतात, जास्त झाला तर अडसर.

शरीरात आणखी एक पात्र आहे: अमायलेज, स्टार्च तोडणारं विकर. लाळेतलं अमायलेज जठराच्या आम्लात निष्प्रभ होतं, पण जठर ओलांडताच स्वादुपिंडातून नवा साठा येतो. प्रयोगशाळेत औषध विरघळण्याची नेहमीची चाचणी ३७ अंशांवरच्या, साधारण ९०० मिलिलिटर द्रवात पातं फिरवून करतात, आणि त्या द्रवात बहुधा विकर नसतं. लेपाचं वागणं भांड्यात एक आणि पोटात दुसरं असू शकतं.

दावा वाचताना

स्टार्चच्या लेपाने औषध अमुकपट वेगाने विरघळलं, असं वाचलं की मी सर्वात आधी तुलना कशाशी केली ते शोधतो. कोऱ्या औषधाशी तुलना पुरेशी नाही. तेवढाच स्टार्च औषधात नुसता हाताने मिसळून त्याचीही चाचणी केलेली हवी. फायदा त्यातही तेवढाच दिसला, तर लेपाच्या यंत्राचा खर्च कशाला?

दुसरी शंका दळण्याबद्दल. जोरात दळताना स्फटिकाची रचना मोडून काही भाग अस्ताव्यस्त होऊ शकतो आणि असा भाग स्फटिकापेक्षा खरोखरच जास्त विरघळतो. मग श्रेय स्टार्चचं की मोडलेल्या स्फटिकाचं? क्ष-किरणांची चाचणी केली की हे कळतं. हा नुसता श्रेयाचा वाद नाही, कारण अस्ताव्यस्त भाग साठवणीत पुन्हा स्फटिक होतो आणि फायदा विरून जातो. स्फटिकाचं रूप बदलणं किती महागात पडतं ते १९९८ मध्ये दिसलं: एचआयव्हीवरच्या रिटोनाव्हिर कॅप्सूलमध्ये आधी माहीत नसलेलं, कमी विरघळणारं स्फटिकरूप उद्भवलं आणि त्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. स्टार्चच्या कोरड्या लेपात औषधाचा स्फटिक जसा होता तसाच ठेवता येतो. ही त्याची मोठी बाजू, पण तो तसाच राहिला हे दाखवावं लागतं.

मग गोळी दाबण्याचा टप्पा. शंभर-दोनशे मेगापास्कल दाबाखाली कण फुटतात, नवे कोरे पृष्ठभाग उघडे पडतात. भुकटीत सुंदर दिसलेला फायदा गोळीत उरतो का, ते तपासलेलं असलं तर अभ्यास गांभीर्याने घ्यावा.

जिथे हा उपाय अपुरा पडतो

विद्राव्यता हीच कमाल मर्यादा असेल, म्हणजे आतड्यातला द्रव संपृक्त झाला आणि तरी मात्रेचा मोठा भाग उरलाच, तर वेग वाढवून उपयोग नाही. तिथे औषधाचा क्षार बनवावा लागतो, स्फटिकरचना मुद्दाम मोडून बहुवारिकात अडकवावी लागते, किंवा रेणूला सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत बसवावं लागतं. गंमत म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिनही स्टार्चपासूनच बनतं: विकराने साखळी तोडून सहा, सात किंवा आठ ग्लुकोजचं कडं जुळवलं जातं. ते मात्र विद्राव्यता खरोखर वाढवतं, कारण तिथे औषधाचा एकेक रेणू कड्याच्या आत जाऊन बसतो. चौथ्या गटातल्या औषधांची गोष्ट त्याहून अवघड; ती विरघळूनही भिंतीपाशी अडणारच.

ओलाव्याचा त्रास वेगळा. साध्या हवेत स्टार्चमध्ये दहा टक्क्यांहून जास्त पाणी सहज असतं. अॅस्पिरिनसारख्या पाण्याने हळूहळू तुटणाऱ्या औषधाला अगदी अंगालगत असा शेजारी नको. शिवाय स्टार्च हा शेतातून येणारा माल आहे. पीक, वाण, हंगाम यांनुसार दाण्याचा आकार आणि अमायलोजचं प्रमाण हलतं, आणि लेपाची जाडी नॅनोमीटरमध्ये राखायची तर हे हलणं सतत मोजत राहावं लागतं. सीलिएक आजार (गव्हातलं ग्लूटेन आतड्याला न सोसणं) असलेल्यांसाठी गव्हाच्या स्टार्चऐवजी मका, बटाटा किंवा तांदळाचा घ्यावा. मधुमेहींनी काळजी करण्याएवढा स्टार्च एका गोळीत नसतो.

आणि शेवटी परवानगी. साधा स्टार्च औषधांत अनेक दशकं वापरात आहे, त्याच्या सुरक्षिततेबद्दल वाद नाही. पण त्याचे नॅनोकण केले किंवा त्याला रासायनिक बदल केले की प्रश्न नव्याने विचारले जातात. नॅनोपदार्थ असलेल्या औषधांबद्दल अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने एप्रिल २०२२ मध्ये अंतिम मार्गदर्शक सूचना काढल्या. कणांचा आकार किती, तो साठवणीत टिकतो का, शरीरात गेल्यावर त्यांचं काय होतं, हे उत्पादकाने दाखवावं अशी त्यात अपेक्षा आहे. मूळ पदार्थ ओळखीचा आहे म्हणून नॅनोलेपाला ही तपासणी माफ होत नाही.